विनोदी वाङ्मयातील आडनाव

विनोदी म्हणून लिहिलेली एखादी गोष्ट अलीकडे हाती घेतली, की पहिल्या चारसहा ओळींतच एक चमत्कारिक आडनाव वाचकाच्या पुढ्यात येऊन उभे राहते. नायक कारकून असो, शाळामास्तर असो किंवा विम्याचा एजंट असो. त्याचे आडनाव टकले, गाढवे, ढेकणे, डोईफोडे अशांपैकी काहीतरी असावयाचेच. ते लेखकाने उच्चारावे आणि वाचकाने हसावे, असा जणू उभयतांत एक अलिखित करार झालेला असतो. या कराराप्रमाणे पहिल्या खेपेस हसू येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दुसऱ्या पानावर तेच आडनाव पुन्हा आले म्हणजे ओठ नुसते हलतात, आणि पाचव्या पानावर तर ते जोशी-कुलकर्ण्यांइतकेच सामान्य होऊन गेलेले असते. मग लेखकाला विनोदासाठी दुसरीकडे धाव घ्यावी लागते. आणि तेथे त्याची शिदोरी बहुधा रिकामी निघते, कारण ती सगळी बारशालाच खर्च झालेली असते.

तेव्हा, आडनावात विनोद असतो काय, आणि असल्यास तो नेमका कोठे असतो? आडनावाच्या ध्वनीत, त्याच्या अर्थात, ते धारण करणाऱ्या माणसात, की ते ऐकून हसणाऱ्यात? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु गोष्टीतले आडनाव हे गोष्टीपुरतेच नसते. ते कोणाच्या तरी दारावरच्या पाटीवर आणि कोणाच्या तरी मुलाच्या शाळेतील हजेरीपटावरही असते. म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली लक्षात येणारी गोष्ट अशी, की आमच्या विनोदी वाङ्मयाचे जे आद्य आणि मातबर पुरुष, त्यांनी या साधनाला फारसा हात लावलेलाच नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’तील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट घ्या. या तिघांनी आमच्या रूढींची एवढी टिंगल केली. पण त्यांची आडनावे काय, असे विचारल्यास वाचक गोंधळात पडेल. गडकऱ्यांच्या तळीरामाला आडनाव नाही, विसरभोळ्या गोकुळाला नाही, कामण्णाला नाही. तळीराम हा शब्द तर आज वर्तमानपत्रांत सामान्यनाम म्हणून खुशाल वावरतो. आडनावाचे लोढणे गळ्यात असते तर त्याला भाषेत इतक्या मोकळेपणाने हिंडता आले नसते.

याचे कारण उघड आहे. ज्या समाजात हे लेखक वाढले, त्यात माणसाची ओळख आडनावापेक्षा नावापुढील शेपटावरून होत असे. पंत, राव, भट, शेट, नाना, तात्या, अण्णा यांपैकी एक प्रत्यय लागला, की जात, वय, सांपत्तिक स्थिती आणि डोक्यावरच्या पागोट्याचा घाट एवढे सगळे कळून येई. ‘बंडू’ला ‘नाना’ जोडताच जो विनोद निर्माण होतो, तो पोराच्या नावावर वडीलकीची शाल पांघरल्याचा आहे. त्यास बाहेरून आडनावाची मदत नको असते.

गोविंद बल्लाळ देवलांनी तर नावांच्या योजनेत जे कौशल्य दाखविले आहे, त्याकडे आमच्या टीकाकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. ‘शारदा’ नाटकात (१८९९) मुलीचा पैका घेणारा बाप कांचनभट आहे आणि थेरडा नवरदेव भुजंगनाथ आहे. ही नावे बोधप्रद आहेत, पण ढोबळ आहेत; पडदा उघडण्यापूर्वीच पात्रांचा निकाल लावून टाकतात. ‘संशयकल्लोळा’ची गोष्ट निराळी. आर्थर मर्फीच्या एका इंग्रजी सुखात्मिकेवरून, म्हणजे पर्यायाने मोलिअरवरून, रचलेले हे नाटक आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या गद्य रूपात होते आणि १९१६ साली संगीत होऊन रंगभूमीवर आले. त्यातील पुरुष सारे महिन्यांच्या नावांचे: फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, आणि गडी भादव्या. स्त्रिया सगळ्या आकाशातील: कृत्तिका, रेवती, रोहिणी, स्वाती. एवढे साधर्म्य कोणाच्याही ध्यानात येते. पण पंचांग उघडून थोडे पुढे जावे. ज्याच्या महिन्यात शिमगा पडतो, तो फाल्गुनराव घरात बारमाही शिमगा करीत असतो, हे ठीकच. त्याच्या बायकोचे नाव मात्र फाल्गुनी नाही. कृत्तिका आहे, आणि कृत्तिका हे कार्तिकाचे नक्षत्र! संशयी नवऱ्यास एवढा पुरावा पुरे व्हावा. उलट अश्विनी आणि रेवती ही नक्षत्रे चक्रात एकमेकांना लागून येतात. एक सत्ताविसावे, दुसरे पहिले. म्हणजे मीलन आणि वियोग यांच्यात एका पावलाचे अंतर. देवलांनी हे सगळे ठरवून केले, असा आमचा आग्रह नाही. पण एवढे खरे, की नावांचा विनोद येथे एकेका नावात नाही. तो नावांच्या आपसांतील नात्यात आहे.

चिंतामण विनायक जोशी यांच्याकडे आल्यावर हेच तत्त्व घरगुती स्वरूपात दिसते. चिमणराव, त्यांची बायको काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू. सगळे कुटुंब पक्ष्यांचे! पुण्यातील एक सामान्य बिऱ्हाड म्हणजे चिवचिवणाऱ्या, भांडणाऱ्या, दाणे वेचणाऱ्या पाखरांचे घरटे आहे, हे लेखकाने कोठेही अक्षराने न सांगता पाच नावांत सांगून टाकले. आणि या घरट्यात मधूनमधून येऊन पडतो तो कोण? तर गुंड्याभाऊ. गुंडा म्हणजे वाटोळा धोंडा. पाखरांत धोंडा पडल्यावर जी फडफड उडावयाची, ती म्हणजेच चिमणरावांच्या बहुतेक कथा. हे सारे इतक्या सहजपणे झाले आहे, की दोन पिढ्या हसल्या तरी बहुतेकांना आपण नावाला हसत आहोत याची दादही लागली नाही. चिमणरावांचे आडनाव विचारले, तर पट्टीचा वाचकही क्षणभर थांबतो.

मग आडनावाने विनोद होतच नाही काय? होतो, पण त्याची जात निराळी आहे आणि ती ओळखली पाहिजे. आपल्याकडे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी म्हण आहे. तिच्यातील हसू हे आशाभंगाचे आहे. सोनुबाई हे नाव तिच्या आईबापांनी काही एक मनात धरून ठेवले होते. पुढे दैवाने कथील दिले. म्हणजे घरातल्या नावाच्या विनोदात कोणाची तरी इच्छा मोडलेली असते. आडनाव कोणी मनात धरून ठेवीत नाही. ते पणज्याच्या पणज्याला कोणीतरी चिकटविलेले असते: गावावरून, वतनावरून, धंद्यावरून, किंवा नुसत्या चेष्टेवरून. ते आपल्या वाट्याला येते ते रंगरूपासारखे. त्यावर हसणे म्हणजे माणसाच्या नाकावर हसण्यासारखे आहे. नाकावरही चांगला विनोद होऊ शकतो, परंतु नाक लांब आहे एवढे सांगून तो होत नाही.

सहस्रबुद्धे हे आडनाव घ्या. सहस्रबुद्धे नावाचा मूर्ख हेडक्लार्क ही कल्पना किती जणांनी आपल्या स्वतःच्या म्हणून वापरली असेल, याची गणती नाही. वास्तविक ती पंचतंत्राइतकी जुनी आहे. तेथे शतबुद्धि आणि सहस्रबुद्धि असे दोन मासे आहेत व एकबुद्धि नावाचा बेडूक आहे. कोळी येणार असे कळल्यावर बेडकाची एकुलती एक बुद्धी त्याला पळून जावयास सांगते. मासे आपल्या शंभर आणि हजार बुद्धींचा हिशेब करीत राहतात, आणि जाळ्यात सापडतात. येथे नाव आणि करणी यांचा विरोध कथेतून घडत जातो. तो शेवटच्या क्षणी, माशाला कोळी खांद्यावर टाकून नेत असता, पुरा होतो. आमच्या विनोदी लेखकाने नाव तेवढे उचलले; जाळे टाकावयाचे मात्र विसरला.

जातकांतही एक सुंदर गोष्ट आहे. पापक नावाचा एक शिष्य नाव बदलून घ्यावयास निघतो. वाटेत जीवक नावाचा माणूस मेलेला आढळतो, धनपाली नावाची दासी दारिद्र्यापायी मार खात असते, पंथक नावाचा माणूस रस्ता चुकलेला असतो. तेव्हा तो आपले नाव तसेच घेऊन गुरूकडे परत येतो. हीच गोष्ट आपल्याकडे ठणठणपाळाची म्हणून चालत आली आहे. जयवंत दळव्यांनी ‘ललित’ मासिकात वाङ्मयीन टिंगल करण्यासाठी तेच नाव घेतले, यात औचित्य होते. नाव रिकामे आहे हे आधीच जाहीर करणाऱ्यास दुसऱ्यांच्या भरल्या नावांवर बोट ठेवण्याचा अधिकार पोचतो.

परदेशी वाङ्मयात आडनावाचा विनोद आमच्याहून अधिक पिकला, कारण तेथे परक्या माणसाला आडनावानेच हाक मारण्याचा रिवाज. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या कथेतील (१८४२) कारकुनाचे आडनाव बाश्माच्किन. बाश्माक म्हणजे पायातील जोडा. एवढ्यावर आमचा लेखक थांबला असता. गोगोल मोठ्या गंभीरपणाने व्युत्पत्तीची चौकशी करू लागतो आणि सांगतो, की हे आडनाव जोड्यावरून आले असले तरी याचा बाप, आजा, इतकेच नव्हे तर मेहुणासुद्धा, सगळे बाश्माच्किन बूट वापरीत असत. मेहुण्याचे आडनाव तेच कसे असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात उठेपर्यंत लेखक पुढे निघून गेलेला असतो. विनोद आडनावाच्या अर्थात नाही. त्या अर्थाविषयी लेखकाने दाखविलेल्या नसत्या काळजीत आहे. आणि या पायतणाच्या नावाच्या माणसाला एका नव्या कोटाचा ध्यास लागावा, तो कोट पहिल्याच रात्री लुटला जावा, आणि त्यातच त्याचा अंत व्हावा! कथा संपते तेव्हा आपण त्या आडनावाला हसलो होतो याची वाचकाला लाज वाटू लागते. लेखकाने हसू उसने दिले होते, ते व्याजासकट वसूल केले.

डिकन्सची तऱ्हा दुसरी. पिक्‌विक हे आडनाव बाथ शहराच्या एका खऱ्या घोडागाडीवाल्याचे होते. कादंबरीत (१८३६–३७) पिक्‌विकसाहेब बाथला जावयास निघतात, तेव्हा त्यांचा चाकर सॅम वेलर गाडीच्या दारावर ते नाव रंगविलेले पाहून संतापतो. आपल्या धन्याचे नाव चोरले, वर त्यास ‘मोझेस’ हेही जोडले. याबद्दल कोणाला तरी ठोक मिळावयास हवा, असे त्याला वाटते. म्हणजे खऱ्या माणसाचे नाव लेखकाने घेतले आणि उलट खऱ्या माणसावरच चोरीचा आळ आणला! घेतलेल्या ऋणाची अशी गमतीदार पावती देण्यास मोठे मन लागते. पिक्‌विक गाडीवाल्याचे काही बिघडले नाही, कारण त्याच्या नावाने कादंबरीत वावरणारा मनुष्य वाचकांना प्रिय झाला.

सगळ्यांनाच हे भाग्य लाभले नाही. एमिल झोलाने १८८२ सालच्या एका कादंबरीत न्यायाधीशाचे दुव्हेर्दी असे आडनाव योजिले. त्याच आडनावाचे एक वकील पॅरिसमध्ये होते; ते कोर्टात गेले, जिंकले, आणि झोलाला पात्राचे आडनाव बदलावे लागले. इंग्लंडात याहून मोठा बोभाटा झाला. ‘संडे क्रॉनिकल’ पत्राने एका गमतीच्या लेखात आर्टेमस जोन्स नावाचा एक चर्चचा कारभारी रंगविला. घरी सोवळा, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेला की भलत्याच बाईच्या संगतीत दिसणारा. नाव मुद्दाम विचित्र घेतले होते. असा माणूस असणेच शक्य नाही, असा समज. पण टॉमस आर्टेमस जोन्स नावाचे एक बॅरिस्टर होते. ज्यूरीने त्यांना १,७५० पौंड भरपाई दिली आणि १९०९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कायम केली. आपला हेतू तसा नव्हता, ही सबब चालली नाही. वाचक काय समजले, एवढेच पाहिले गेले. या निकालात आमच्या मते एक वाङ्मयीन तत्त्वही आहे. नाव जितके अधिक विचित्र, तितकी ते धारण करणारी घरे थोडी. आणि घरे जितकी थोडी, तितका बाण नेमका लागतो. ‘जोशी’ म्हटल्याने कोणा एकाला लागत नाही. ‘ढेकणे’ म्हटल्याने एका शाळेतील एकाच मुलाला लागते, आणि तो मुलगा मॅट्रिक होऊन बाहेर पडेपर्यंत लागत राहते.

आमच्याकडे या गोष्टीस आणखी एक पदर आहे, आणि तो विलायती नाही. मराठी आडनाव हे नुसते नाव नसून पुष्कळदा जातीचा दाखला असतो. चमत्कारिक आडनावांची जी यादी आमचे विनोदी लेखक वापरतात, ती कोणत्या वस्तीत हशा पिकविते आणि कोणत्या वस्तीतून गोळा केलेली असते, हे एकदा पाहावे. पेशव्यांच्या पुण्यातील आडनावे अर्थाने काही कमी विनोदी नाहीत; दशपुत्रे, एकबोटे, भोपटकर हीही आहेतच. परंतु ती कानांना सरावाची झाली, म्हणून हास्यास्पद वाटत नाहीत. ढमढेरे म्हटले की शहरातील वाचक हसतो. शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे म्हणून गाव आहे, तेथे कोणी हसत नाही. म्हणजे हशा आडनावात नसून ऐकणाऱ्याच्या अपरिचयात असतो; आणि अपरिचय हे काही मोठे वाङ्मयीन भांडवल नव्हे.

याची दुसरी बाजू तर अधिक बोचणारी आहे. आमच्या प्रहसनांतून घरातील गड्याला आडनाव मिळतच नाही. तो धोंडू असतो, दगडू असतो, कचरू असतो. आणि रंगमंचावर धन्याने ‘अरे धोंड्या’ म्हटले, की प्रेक्षागृहात हशा होतो. ही नावे कोठून आली? ज्या घरात मुले जगत नाहीत, त्या घरात नंतर झालेल्या मुलाला असले टाकाऊ नाव द्यावयाचे, म्हणजे मृत्यूची दृष्ट त्याच्यावरून फिरून जाईल, अशी समजूत होती. धोंडू हे नाव ज्या मातेने ठेवले, तिने त्यापूर्वी बहुधा एखाददुसरे मूल पुरलेले असे. सोनुबाईच्या नावात आशा होती, तर या नावांत भीती आहे, आणि तीही प्रेमापोटी आलेली. ही समजूत काही एका जातीचीच नव्हती. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. शंभरी ओलांडलेल्या आणि १९५८ साली भारतरत्न झालेल्या या पुरुषाच्या नावास आजवर कोणी हसल्याचे आम्ही ऐकले नाही. नाव तेच. मग एका ठिकाणी आदराने हात जोडावयाचे आणि दुसऱ्या ठिकाणी हसावयाचे, हा भेद कशाने झाला? एकाच्या नावापुढे आडनाव होते आणि दुसऱ्याला ते आमच्या नाटककारांनी दिले नव्हते.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच परक्या गावी माणसाला काय लपवावे लागते याची वेदना आहे. नव्या गावी बिऱ्हाड शोधणाऱ्याला ‘आपले आडनाव काय?’ असे जे सौम्य स्वरात विचारले जाते, तो प्रश्न आडनावासाठी नसतोच. हे ज्याने एकदा सोसले आहे, त्याला आडनावावरील विनोद वाचून काय वाटत असेल, याचा विचार विनोदी लेखकाने करू नये काय? विनोद सोवळ्यात गुंडाळून ठेवावा, असे आमचे म्हणणे नाही. कोल्हटकरांनी सोवळ्यालाच हात घातला होता. आम्ही म्हणतो ते इतकेच, की बाण वर मारावयास जोर लागतो आणि खाली मारावयास लागत नाही. कोणत्या बाणाचे कौतुक करावयाचे, हे त्यावरून ठरते.

आता ज्या लेखकाने आडनावाचा विनोद मराठीत खरोखर साधला, त्याच्याकडे वळू. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’तील (१९५८) सोकाजी नानाजी त्रिलोकेकर घ्या. ‘कर’ या प्रत्ययाने गावावरून आडनाव करण्याची आमची पद्धत. तेव्हा या गृहस्थांचे गाव त्रिलोक! तिन्ही लोकांचा रहिवासी चाळीच्या बिऱ्हाडात राहतो, एवढा विरोध कोणीही योजील. पण हे आडनाव बनावट नाही. ते मुंबईच्या पाठारे प्रभू मंडळींत खरोखर आहे. धुरंधर, अजिंक्य, धैर्यवान अशी नौबत वाजल्यासारखी आडनावे ज्या ज्ञातीत आहेत, तिच्यातले ते आहे. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात किर्लोस्करांच्या थोडे आधी नलदमयंतीवर संगीत नाटक लिहिणारे सोकर बापूजी त्रिलोकेकर होऊन गेले, हेही जाणत्यांना आठवेल. म्हणजे या एका नावात जुन्या मुंबईचा सारा रुबाब आहे आणि तो चाळीच्या जिन्यावरून चढउतार करतो आहे. आणि बाण कोठे मारला आहे पाहा: आडनावाच्या ओबडधोबडपणावर नव्हे, त्याच्या भव्यतेवर. त्रिलोकेकर घराण्यातील मनुष्यही हे वाचून सुखाने हसेल.

‘व्यक्ती आणि वल्ली’तील सखाराम गटणे याच्या आडनावाला तर अर्थही नाही, किंवा असल्यास कोणाच्या मनात येत नाही. दोन आखूड, कठीण अक्षरे आणि शेवटी लटकता एकार. पुस्तकी भाषेत बोलणारा तो कोवळा मुलगा एकदा वाचल्यावर मात्र, दुसऱ्या कोणत्याही आडनावाने तो डोळ्यांपुढे येतच नाही. आडनावाने माणूस विनोदी केला नाही. माणसाने आडनाव भरले. ‘अशी ही बनवाबनवी’ या १९८८ सालच्या बोलपटातील धनंजय माने यांचीही तीच कथा. माने हे आडनाव गावोगाव आहे, त्यात हसण्यासारखे काडीमात्र नाही. पण त्या गृहस्थाच्या राहण्याच्या ठिकाणाची चौकशी पडद्यावर एकदा झाली, आणि तेव्हापासून हे नाव आडनावासकट उच्चारले की मराठी माणूस हसतो. लेखकांनी ढेकणे शोधीत हिंडण्यापूर्वी मान्यांकडे पाहावे.

परंतु आम्हांस या सर्वांत श्रेष्ठ वाटतो तो अंतू बर्वा. येथे विनोद आडनावाच्या एका मात्रेत आहे. बर्वे, साठे, गोखले ही आमची एकारान्त आडनावे व्याकरणदृष्ट्या आदरार्थी अनेकवचने आहेत. घोडा-घोडे तसे बर्वा-बर्वे. आणि म्हणूनच आपण ‘बर्व्यांना’ म्हणतो. म्हणजे आडनावाच्या शेवटी जो मान आपण जन्मतः घेऊन येतो, तो एका मात्रेवर तोललेला असतो. देशावर ही मात्रा सहसा कोणी काढून घेत नाही. कोकणात मात्र गावाने एखाद्याला आपला म्हटले, की त्याचे अनेकवचन सुटते. बर्व्यांचा बर्वा होतो, गोखल्यांचा गोखल्या होतो. त्यात तुच्छता किती, सलगी किती आणि एकमेकांचे दारिद्र्य तिन्हीत्रिकाळ पाहिल्याची ओळख किती, हे बाहेरच्या माणसाला वेगळे करून सांगता येणार नाही. पु. लं.नी शीर्षकातच ती मात्रा काढली. वाचक पहिल्या क्षणी हसतो, कारण एक मोठे घरंदाज आडनाव पंचाशिवाय उघडेबोडके पुढे आले आहे. मग रत्नागिरीचा तो म्हातारा बोलू लागतो. प्रत्येक वाक्य तिरके, प्रत्येकाला एकेक कोपरखळी, आणि त्यांच्या आड एकटेपणा. शेवटाकडे येईपर्यंत वाचकाच्या मनाने ती मात्रा त्याच्या डोक्यावर हळूच परत ठेवलेली असते. तो मनातल्या मनात त्यांना अंतूशेट बर्वे म्हणू लागतो. शीर्षकात मात्र तो बर्वाच राहतो.